बारा खणांची डबी

कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसाची सुट्टी जुलैत येते. शाळा तेव्हा बंद असतात, ऊन पन्नाशीला टेकलेलं असतं, आणि त्या दिवसांत माणसं थोडी कमी असली तरी कंपनीचं अडत नाही. मग पाच आठवडे ठाण्याला जायचं, दोन बारशी, एक साठीशांत आणि कुणाचं तरी गुडघ्याचं ऑपरेशन उरकायचं, सोसायटीच्या कागदांवर सह्या करायच्या आणि बॅगेत मसाला नि वाल भरून परत यायचं. याला सुट्टी म्हणतात. विश्वास टिपणीसने अशा सतरा सुट्ट्या घेतल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी तो गेला होता त्यापेक्षा जास्त दमून परत आला होता.

जुलैला शिव्या द्यायचा खरं तर त्याला अधिकार नव्हता. नव्वद साली इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा तो, बायको सरोजिनी आणि चार वर्षांची जुईली सुट्टीवर ठाण्याला होते, म्हणून तर वाचले. ब्याण्णवमध्ये परत येऊन बघतात तो रिग्गईतला फ्लॅट धुऊन नेलेला. टीव्ही गेला, फ्रीज गेला, जुईलीची तीनचाकी सायकल गेली. या सगळ्याचं विश्वासला फारसं काही वाटलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा मोठा डबा गेला होता, त्याचं मात्र वाटलं. त्या डब्यात दीडशे माश्या होत्या.

माश्या म्हणजे घरात घोंगावतात त्या नव्हेत. बारीक गळाला कोंबड्याची पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून हुबेहूब किडा करतात आणि त्यावर ट्राउट नावाचा मासा धरतात, त्या माश्या. त्यांतल्या काही पाण्यात बुडतात. विश्वासला त्यांच्यात रस नव्हता. कोरडी माशी बुडत नाही. ती पाण्यावर बसून प्रवाहाबरोबर वाहत येते, आणि खालून ट्राउट वर येऊन तिला उचलतो तेव्हा ते सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतं. दीनानाथ म्हणायचा, "साब, डूबी मक्खी तो अंधा भी खेल ले. सूखी का मज़ा आँख में है."

दीनानाथ हा हिमाचलातल्या मत्स्यखात्याचा राखणदार. अठ्ठ्याहत्तर ते चौऱ्याऐंशी अशी सहा वर्षं विश्वास तिकडे एका बोगद्याच्या कामावर ज्युनियर इंजिनियर होता. ठाण्याचा सीकेपी पोरगा, डोंगरात मासा मिळेना म्हणून कासावीस झाला होता, तो तीर्थन नदीवर परवान्याची चौकशी करायला गेला आणि या माणसाच्या तावडीत सापडला. दीनानाथने त्याला गळाची छडी कशी धरायची ते शिकवलं, माशी कशी बांधायची ते शिकवलं, आणि पहिला ट्राउट लागल्यावर तो पाण्यात परत सोडायलाही लावलं. सीकेपी माणसाच्या आयुष्यात इतका दुःखाचा प्रसंग दुसरा नाही. पण विश्वासला चटक लागली ती त्या सोडण्याचीच. त्या सहा वर्षांत त्याने जेवढा मोकळा श्वास घेतला तेवढा पुढे कधी घेतला नाही.

तिथून निघताना दीनानाथने त्याला एक ॲल्युमिनियमची डबी दिली होती. तळहातात मावणारी, आत बारा खण. "दरिया पे बारह से ज़्यादा नहीं ले जाना साब. ज़्यादा होंगी तो सोचते रह जाओगे, मछली निकल जाएगी." ती डबी नव्वदच्या जुलैत विश्वासच्या खिशातून ठाण्याला गेली होती, म्हणून तेवढी उरली. उरली, पण रिकामी. कारण जुलैत तीर्थनला बर्फ वितळलेलं असतं, वरून पाऊस असतो, आणि पाणी चहासारखं गढूळ वाहत असतं. कोरडी माशी टाकायची तर ऑक्टोबरात, पाणी नितळ झाल्यावर. पुढे नोव्हेंबरपासून मासेमारी बंद. आणि ऑक्टोबर आला की इकडे ऊन उतरलं म्हणून कंपनी प्लांट बंद करून दुरुस्तीला काढायची. त्या शटडाउनचं वेळापत्रक करणारा माणूस म्हणजे विश्वास टिपणीस.

म्हणून वीस वर्षं त्याने नुसत्या माश्या बांधल्या. शुक्रवारी सकाळी, जेवणाच्या टेबलाला गळ पकडून ठेवणारा छोटा शिकंजा लावून, डोळ्यांवर चष्मा आणि चष्म्यावर भिंग. पिसं शुक्रवारच्या बाजारातून यायची. तिथे कोंबडेवाल्या कासमला हा हिंदी माणूस वेडा आहे हे ठाऊक होतं, कारण तो कोंबड्याच्या मांसाकडे न बघता मानेचा रंग बघायचा. जुईली लहान असताना गालिच्यावर सांडलेले गळ तिच्या पायात जायचे आणि मग घरात रामायण व्हायचं. पुढे पुढे ती सावध चालायला शिकली. पोरीच्या संस्कारांतला तो एक भाग झाला.

"इथनं नदी तीन हजार किलोमीटर लांब आणि आमच्याकडे माश्यांची पैदास चालूच," सरोजिनी पाहुण्यांना सांगायची. ती सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायची आणि घरी येऊन नवऱ्यालाही भिंगातून बघताना बघायची. "बरं, मासा धरून आणायचा असता तर मी वाटणसुद्धा तयार ठेवलं असतं. हे धरून सोडणार!"

माश्यांची संख्या चारशेच्या वर गेली. पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या पेट्या, पेट्यांवर चिठ्ठ्या. भुऱ्या, तपकिरी, काळ्या, पिवळट, मुंगीएवढ्या, डासाएवढ्या. सोबत एक वही होती, बोगद्यावरच्या दिवसांतली. कुठल्या तारखेला, कुठल्या वळणावर, ढग होते की ऊन, कुठला किडा पाण्यावर उतरला आणि ट्राउटने काय घेतलं. वही इतकी वाचलेली की पानं सुटली होती.

दोन हजार चार साली दोन गोष्टी झाल्या. जुईली इंजिनियरिंगला पुण्याला गेली, आणि शटडाउन जानेवारीवर ढकललं गेलं. विश्वासने घाबरत घाबरत ऑक्टोबरात दहा दिवसांच्या सुट्टीचा अर्ज टाकला. त्याचा साहेब हुसेन, वयाने वीस वर्षांनी लहान कुवेती, अर्ज बघून हसला. "टिपनी, ऑक्टोबर? यू नेव्हर आस्क ऑक्टोबर." मग सही करत म्हणाला, "यल्ला, गो. खलास."

इतकं सोपं होतं. विश्वास कागद हातात घेऊन गाडीत येऊन बसला आणि बराच वेळ त्याने चावीच फिरवली नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो पोचायच्या आधी थकवा पोचला. गेली काही वर्षं हे असंच होत होतं. पहाटे पाचला उठायचं, चाळीस किलोमीटर गाडी हाकायची, दिवसभर पाइप आणि व्हॉल्व्ह आणि लोकांची भांडणं, संध्याकाळी तेच चाळीस किलोमीटर. झोपून उठलं तरी अंगातला शीण जागच्या जागी. डॉक्टरने रक्त तपासलं, साखर तपासली, सगळं ठीक निघालं. म्हणजे औषधही नाही.

त्याने दीनानाथला पत्र टाकलं. उत्तर पंधरा दिवसांत आलं. दरवर्षी त्याचं एक पत्र यायचंच, आणि शेवटी एकच प्रश्न असायचा, साब, इस अक्टूबर? या वेळी प्रश्न नव्हता. लिहिलं होतं, ग्यारह अक्टूबर को बस अड्डे पर मिलूँगा. गावातल्या दुकानाचा फोन नंबर खाली. अक्षर गोल, शाळकरी. गेल्या वर्षीच्या पत्राचंही अक्षर असंच होतं. म्हाताऱ्याने नातीला शुद्धलेखनाला बसवलेलं दिसतंय, असं म्हणून विश्वासने ते पत्र वहीत ठेवून दिलं.

मग सुरू झाली निवड. बाराच न्यायच्या, हे ठरलेलं. चारशेतून बारा. पेट्या खाली काढायचं त्राण रोज संध्याकाळी नसायचं, म्हणून तो वहीवरूनच यादी करत बसे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी थंडी असणार, म्हणजे भुऱ्या बारीक दोन हव्यातच. दुपारी ऊन पडलं तर काठाच्या गवतातले किडे पाण्यात पडतात, म्हणून दोन तपकिरी. काळी मुंगी एक, कारण एकोणऐंशीच्या बारा ऑक्टोबरला ट्राउटने मुंगीशिवाय कशाला तोंड लावलं नव्हतं. पांढऱ्या पंखांची मोठी माशी? ती भडक. शिकाऊ माणसाला लांबून दिसावी म्हणून वापरायची. ती नको. संध्याकाळसाठी पिवळट एक की दोन? दोन घेतल्या तर मुंगीला जागा उरत नाही. मुलीचं स्थळ बघताना माणूस एवढा विचार करत नाही.

सरोजिनी भाजी निवडत ऐकायची. "अहो, तेरा घेऊन जा ना. कोण मोजायला बसलंय?"

"तो मोजतो."

"कोण, मासा?"

"दीनानाथ. काठावर बसला की आधी डबी उघडून बघतो."

यादी आठ वेळा झाली आणि आठ वेळा खोडली. दर वेळी शेवटच्या दोन नावांपाशी त्याची मान खाली पडायची आणि पेन्सिल हातातच राहायची. सरोजिनी वही मिटायची, चष्मा काढून बाजूला ठेवायची. तिच्या मनात यायचं, हा माणूस जाऊन येईल का नीट? एवढा चढ, एवढी थंडी.

विमान शनिवारी संध्याकाळचं होतं. गुरुवारी सुट्टी होती, म्हणून त्या सकाळी विश्वासने एकदाचा स्टुलावर चढून कपाटाच्या वरून पेट्यांचा गठ्ठा काढला. जूननंतर प्रथमच. ऑगस्टमध्ये आल्यापासून एक शुक्रवार मोकळा मिळाला नव्हता. गठ्ठा त्याला वेगळा लागला. पाच पेट्या सुट्या व्हायला हव्या होत्या, त्या एकच वीट झाल्या होत्या. वरचं झाकण दुधी पडून आत दबलेलं. त्याने नखाने उचकटलं, ते ओल्या साबणासारखं ताणलं गेलं आणि आतून डांबरगोळीचा भपकारा आला.

माश्या होत्या तिथेच होत्या. प्रत्येक माशी खाली वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये रुतून बसली होती, पिसं चपटी, डोक्यावरचा लाखेचा थेंब पसरलेला. त्याने चिमट्याने एक ओढली. गळ हातात आला, माशी तिथेच राहिली. दुसरी ओढली. मग तो थांबला.

सरोजिनी दारात उभी होती. तिने वास ओळखला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी घातल्या होत्या," ती म्हणाली. "जूनमध्ये. निघायच्या आदल्या दिवशी."

झालं होतं ते एवढंच. मागल्या वर्षी कसरीने त्याच्या तपकिरी पिसांचा भुगा केला होता आणि दोन दिवस तो नीट जेवला नव्हता. म्हणून या खेपेला शालू नि पैठणीत डांबरगोळ्या घालताना तिने माश्यांच्याही प्रत्येक पेटीत चार चार घातल्या. आणि निघताना नेहमीसारखा मेन स्विच बंद केला. शेजारच्या इमारतीत बंद घरातल्या एसीने पेट घेतल्यापासून तिचा तो नियमच होता. पाच आठवडे बंद घर, बाहेर एकावन्न. कापडात गोळी नुसती उडून जाते. बंद पेटीत तिची वाफ कोंडून प्लॅस्टिकच विरघळवते, हे लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेल्या बाईला खरं तर सुचायला हवं होतं. पण शालूची पेटी भरताना बाई लॅबमध्ये नसते, आईच्या घरी असते.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "ओरडा."

विश्वास ओरडला नाही. तो खुर्चीत बसला, पाय लांब केले, आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. आता यादी करायला नको. दिल्लीचं विमान नको, रात्रभराची बस नको, चढ नको. दहा दिवस घरी पडून राहता येईल. कुणाला काही सांगावंही लागणार नाही, कारण समोर पुरावा पडलेला आहे.

"बरं झालं," तो म्हणाला.

मनातल्या मनात म्हणाला असं त्याला वाटलं होतं. ते मोठ्याने निघालं.

सरोजिनीच्या डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच थांबलं. "काय म्हणालात?"

"काही नाही."

"मी ऐकलं." ती पुढे येऊन समोर बसली. "चूक माझी आहे. जन्मभर ऐकून घेईन. पण बरं झालं? वीस वर्षं मी टेबलावर जेवण मांडायच्या आधी पिसं झाडतेय, ती या बरं झालंसाठी?"

"सरू, मी दमलोय गं."

"दिसतंय मला. मी काय आंधळी आहे? पण दमलेला माणूस झोपतो. तुम्हाला न जायला कारण हवं होतं, ते मी आयतं हातात दिलं. याचंच मला जास्त वाईट वाटतंय."

खरं बोललेल्या बायकोपुढे नवऱ्याने काय करायचं असतं ते त्याने केलं. उठून फोनकडे गेला.

"कुणाला करताय?"

"दीनानाथला. येत नाही म्हणून सांगतो. म्हातारा उगाच बस अड्ड्यावर उभा राहील."

नंबर लागायला चार वेळा प्रयत्न करावे लागले. तेवढ्या वेळात त्याने वाक्य तयार केलं. इस साल नहीं हो पाएगा, मक्खियाँ सब ख़राब हो गईं, अगले साल पक्का. चांगलं वाक्य होतं, त्यात खोटं असं काही नव्हतं. पलीकडे कुणा बाईने फोन उचलला आणि पहाडी बोलीत हाक मारली. मग काठीचा आवाज आला, हळूहळू जवळ येणारा.

"साब? आप हो? टिकट हो गई?"

आवाज होता तसाच होता, नदीच्या वर चढवून बोलायची सवय असलेला. विश्वासने तोंड उघडलं, पण दीनानाथला थांबायची सवय नव्हती.

"सुनो साब, फ़ोन किया तो अच्छा किया. चिट्ठी में नहीं लिखवाया, पोती लिखती है ना, रोने लगती है. मेरी आँख का हिसाब बिगड़ गया है. काला मोतिया. एक तो दो साल पहले गई, दूसरी में धुंध है. डाक्टर बोला, जो गया वो वापस नहीं आता, जो बचा है वो साल-छह महीने."

विश्वासने तोंड मिटलं.

"पर सफ़ेद दिखता है. बर्फ़ दिखती है, दरिया की झाग दिखती है. तो आप सफ़ेद पंख वाली लाना, बड़ी वाली. भूरी-वूरी मत लाना, मेरे किस काम की. फेंकना आप, देखूँगा मैं. ठीक है?"

तयार केलेलं वाक्य अजून तोंडात होतं. विश्वासने ते गिळलं.

"कितनी लाऊँ?" त्याने विचारलं.

"बारह. और कितनी? भूल गए क्या?"

फोन ठेवल्यावर तो तसाच उभा राहिला. दीनानाथचा चढा आवाज रिसीव्हरबाहेर सरोजिनीलाही ऐकू आला होता. "काला मोतिया म्हणजे ग्लॉकोमा," ती म्हणाली, हळू, लॅबमधल्या आवाजात. "ते खरंय. गेलं ते येत नाही." आणि मग, "काय काय लागतं? बारा बांधायला?"

गळांची नवी पाकिटं होती, मोठ्या नंबरची, कधी न वापरलेली. कोंबड्याच्या माना उशीच्या अभ्र्यात गुंडाळून वेगळ्या ठेवलेल्या, त्या वाचल्या होत्या. दोरा होता, मेण होतं. पांढरं मात्र काही नव्हतं. भडक म्हणून पांढऱ्या पंखांची माशी त्याने गेल्या बारा वर्षांत एकही बांधली नव्हती.

पांढरं गच्चीवर मिळालं. इमारतीचा राखणदार यूसुफ, इजिप्तचा, गच्चीवर कबुतरं पाळायचा. विश्वास वर गेला तेव्हा तो पिंजऱ्यात पाणी घालत होता. पांढरी पिसं हवीत म्हटल्यावर त्याने कशाला असं विचारलं. विश्वासला नीट सांगता येईना, अरबी तेवढं येत नव्हतं. त्याने एक डोळा हाताने झाकला, दुसरा किलकिला केला, आणि हवेत पीस धरल्यासारखं बोट धरलं. "सदीक," तो म्हणाला. मित्र. यूसुफने मान हलवली. त्याने पिंजऱ्याच्या तळातून, कठड्याच्या कोपऱ्यांतून गळलेली पिसं मूठभर गोळा करून दिली आणि पैसे विचारलेसुद्धा नाहीत.

शुक्रवारी सकाळी टेबलावर शिकंजा लागला. पहिली माशी बिघडली, दुसरी बरी झाली. तिसरीपासून हात बसला. पण डोळे दुखायला लागले, गळाच्या नाकातून दोरा जाईना. सरोजिनीने खुर्ची ओढली आणि त्याच्या हातातून गळ घेतला. मायक्रोस्कोपवर बसणाऱ्या बाईचे हात. तिने एका दमात दोरा ओवला. मग तीच ओवत गेली आणि तो बांधत गेला. दुपारी पुण्याहून जुईलीचा फोन आला. "आई, व्हॉट आर यू गाइज डूइंग?" सरोजिनी म्हणाली, "माश्या बांधतोय." पलीकडे जुईली इतकी हसली की विश्वासलाही ऐकू आलं. "फायनली! बाबांना म्हण, जस्ट गो ना."

चार वाजता बारा माश्या झाल्या. बाराही सारख्या, पांढऱ्या पंखांच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या ढोल्या. नाजूक काम करणाऱ्या माणसाला लाज वाटावी अशा.

"तरंगतील का?" सरोजिनीने विचारलं.

बाथरूममधला टब भरला. दिवा बंद केला, म्हणजे वरच्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड राहिला. विश्वासने चष्मा काढून तिच्याजवळ दिला आणि दारात जाऊन उभा राहिला. मायनस सहाचा नंबर. चष्म्याशिवाय त्याला टब म्हणजे नुसता एक करडा पट्टा दिसत होता, आणि बायको म्हणजे त्या पट्ट्यापाशी वाकलेला एक रंग. माणसाला असं दिसत असेल तर तो बस अड्ड्यापर्यंत कसा येणार आहे, हे त्याच्या मनात आलं.

सरोजिनीने आधी वाचलेली एक भुरी माशी टाकली. काल प्लॅस्टिक खरवडून कशीबशी काढलेली, यादीत पहिल्या नंबरावर असलेली.

"दिसतेय?"

"नाही."

"आता?"

करड्या पट्ट्यावर एक ठिपका उमटला. पांढरा, डुगडुगणारा. पाण्याला तिच्या हाताचा धक्का लागला तसा ठिपका सरकू लागला, टबाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. विश्वास डोळे ताणून त्याच्या मागे मागे जात राहिला.

"दिसतेय," तो म्हणाला. "दिसतेय गं."

एकेक करून तिने बाराही टाकल्या. एकही बुडाली नाही. मग तिने त्या टॉवेलवर काढल्या आणि त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला.

"अहो, पण ट्राउटला आवडेल का हे? भडक आहे म्हणाला होतात."

विश्वास चष्मा पुसत थांबला. कालपासून त्याला माशाची आठवणच झाली नव्हती. ट्राउटला काय हवं ते सहा वर्षं तो वहीत लिहीत आणि पुढची वीस वर्षं तेच वाचत आला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "नसेल आवडत."

तो अजून दमलेलाच होता. पाठ दुखत होती, बोटं आखडली होती, आणि उद्याचं विमान नि त्यापुढची बस अजून बाकीच होती. डबी आणायला तो तरीही आतल्या खोलीत गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा तिचे बारा खण भरले. एका खणात एक, सगळ्या सारख्या, निवडायला काहीच नाही. झाकण लावायच्या आधी त्याने त्या पुन्हा एकदा मोजल्या, कारण तिकडे काठावर बसला की दीनानाथ मोजणार होता. या खेपेला बोटांनी.